एकांकिका: पार्टी, मैत्रिणी आणि आईची व्हॉइस नोट (संहितेवर चर्चा)

तिसरी_घंटा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी नवी एकांकिका. पहिला खर्डा तयार आहे, ३४ पानं.

गोष्ट थोडक्यात अशी: सई, वय १७, बारावी सायन्स, घर गिरगावात. आई फार काळजी करणारी. ३१ डिसेंबरला मरोळला श्रद्धाच्या घरी पार्टी, श्रद्धाचे आईबाबा लोणावळ्याला. सई घरी सांगते, "क्लास सुटला की थेट जाईन, सातजणीच आहोत, लवकर येते." प्रत्यक्षात क्लासला दांडी, पार्टीत मुलगे, बीअर. मोठ्या आवाजाला वैतागून शेजारी पोलिसांना फोन करतात. सगळ्यांना लॉकअपमध्ये टाकतात, आई तिथे येते, सईच्या थोबाडीत देते, मग दोघी रडतात. मध्ये शेवटची लोकल सुटल्याचा ताण.

अडचणी: सहा नटांत पार्टी कशी उभी करायची, आई खलनायिका वाटतेय, आणि शेवट फार रडका झालाय. फाडा. "छान आहे, शुभेच्छा" नको.

पडद्यामागे

फाडतो.

३४ पानं जास्त आहेत. देवनागरीत १४ पॉइंटात टाइप केलेलं संवादाचं पान दीड ते दोन मिनिटं खातं. बहुतेक स्पर्धांत ४५ मिनिटांची मर्यादा असते आणि घड्याळ कुणाचं ऐकत नाही. २४-२५ पानांवर या. तेही लवकर, कारण महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मंजुरीनंतर अख्खा प्रवेश बदलायची हौस परवडत नाही.

३१ डिसेंबर काढून टाका. त्या रात्री पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही जादा लोकल सोडतात. 'शेवटची गाडी गेली' म्हटलं की मुंबईचा प्रेक्षक मनात म्हणतो, "स्पेशल आहे की." शिवाय शेवटची म्हणून माहीत असलेली रात्री एकची बोरिवली लोकल चर्चगेटहून सुटते. तुमची सई मरोळजवळच्या अंधेरीहून चर्चगेटकडे येणार. उलट्या दिशेचा हिशेब वेगळा असतो, आधी वेळापत्रक बघा.

पोलिसांचा भाग तर पूर्णच काढा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० प्रमाणे १८ खालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. आवाजाच्या तक्रारीवर हवालदार येतो, बेल वाजवतो, दम देतो आणि जातो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० ते ६, निवासी भागाला ४५ डेसिबलची मर्यादा. तुमची पार्टी साडेआठ-नऊची आहे, म्हणजे शेजाऱ्यालाही घाई नाही.

गल्ली_नंबर_चार

+१. थोबाडीत पण काढा. तो आवाज काढायला नट विंगेतल्या माणसावर अवलंबून असतो. टाळी अर्धा सेकंद उशिरा पडली की शोकांतिकेचा फार्स.

हिरवा_फळा

आई खलनायिका वाटते कारण तिला खर्ड्यात प्रश्न विचारण्यापलीकडे कामच नाही. त्यावर बहुतेक जण एक ठरलेला उपाय करतात: भूतकाळात अपघात घाला, थोरली मुलगी गेली वगैरे. कृपा करून नको. तसं केलं की आई 'केस' होते आणि बाकीच्या आया सुटतात.

त्यापेक्षा हे बघा. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, २००० साली तो छापून आला. मूल कुठे जातं, काय करतं हे आईवडिलांना कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. खोदून विचारणं, पाळत ठेवणं यातून त्या मानाने कमीच कळतं. म्हणजे तुमची आई ज्या कामात सगळी शक्ती घालतेय त्यातून तिला फारसं काही मिळत नाही, आणि सई जे सांगणं बंद करतेय तेच तिचं खरं साधन होतं. नाटक इथे आहे. आईला फोनमधून जितकी माहिती द्याल तितकी ती जास्त घाबरलेली दाखवा. प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूला सरकतील, आणि सईच्याही.

दुसरं, सई बीअर घेते तो क्षण खर्ड्यात ती स्वयंपाकघरात एकटी असताना आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग आहे, संगणकावरच्या गाडी चालवायच्या खेळाचा. किशोरवयीन मुलांनी दोस्त बघत असताना जास्त धोके पत्करले, मोठ्या माणसांत हा फरक दिसला नाही. म्हणून तो ग्लास चारजण बघत असतानाच तिच्या हातात आला पाहिजे. कुणी आग्रह करायची गरज नाही. फक्त बोलणं थांबावं.

तिसरी_घंटा

पोलीस, लॉकअप, थोबाडीत, ३१ डिसेंबर काढलं. आता जुलैतला शनिवार, श्रद्धाचा वाढदिवस. पण मग आईला कळतं कसं? आधी लाइव्ह लोकेशन होतं.

निळी_खूण

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशनचे तीनच पर्याय असतात: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. सई साडेतीनला क्लासला निघताना १ तास निवडते. साडेचारला ते संपतं, ठिपका दादरला क्लासपाशी. आई निश्चिंत. नंतर आठला सई साधं लोकेशन पाठवते, "पोचले". ते एकदाच जातं, हलत नाही. दोन्हींतला फरक आईला माहीत नसतो, असं दाखवू नका. तिला पक्कं माहीत असतं.

क्लासला दांडी मारली तर बऱ्याच क्लासचा 'गैरहजर' असा मेसेज घरी येतो, मग तुमचं नाटक पावणेपाचलाच संपलं. सईने हजेरीचं बोट लावावं आणि मागच्या जिन्याने निघावं.

आता खरी गंमत. सईने निळ्या टिक बंद ठेवल्यात, त्यामुळे मेसेज वाचला की नाही ते आईला दिसत नाही. पण व्हॉट्सॲपमध्ये ती सेटिंग व्हॉइस नोटला लागू होत नाही. नोट ऐकली की माइकची खूण निळी होतेच. (ग्रुपमधल्या निळ्या टिकही बंद होत नाहीत, पण ते इथे नको.) आईने नोट पाठवली, माइक निळा झाला, उत्तर नाही. आई फोन लावते. रिंग जाते, उचलत नाही. फोन बंद असता तर 'बॅटरी गेली असेल' म्हणता आलं असतं. रिंग जातेय ही जास्त वाईट बातमी आहे.

आणि ती नोट सईने लावलेलीच नाही. श्रद्धाने लावली.

गल्ली_नंबर_चार

अरे वा. स्पीकरवर. सगळ्यांसमोर.

निळी_खूण

दुप्पट वेगाने.

तिसरी_घंटा

थांबा, हे लिहून घेतो. म्हणजे मैत्रीचा भाग आणि आईचा भाग एकाच बोटाने घडतो. खर्ड्यात ते वेगवेगळ्या प्रवेशांत होते.

कान_देऊन

ध्वनीचं मी सांगते.

नोट ३८-४० सेकंदांची ठेवा. स्टुडिओत रेकॉर्ड करू नका. आईचं काम करणाऱ्या नटीने खऱ्या फोनवर, खऱ्या स्वयंपाकघरात, मागे कुकर असताना बोलावं. दोन वेगळ्या फाइल करून ठेवा, प्रयोगात वेग बदलत बसू नका. व्हॉट्सॲप दुप्पट वेगाला आवाजाची पट्टी तीच ठेवतं, म्हणजे कार्टूनसारखं चिरकं होत नाही, फक्त माणूस घाईत असल्यासारखं वाटतं. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' वापरा. 'चेंज स्पीड' वापरलंत तर पट्टी चढते आणि प्रेक्षक चुकीच्या गोष्टीला हसतो.

४० सेकंदांचे २० होतात, आणि सभागृहात त्या वेगाचे शब्द कळत नाहीत. म्हणून आई नोट रेकॉर्ड करते तो प्रसंग आधी पूर्ण दाखवा, सावकाश. शब्द प्रेक्षकाला पाठ झाले पाहिजेत. मग पार्टीत वेगाने आली की प्रत्येक शब्द आपोआप ऐकू येतो.

पार्टीतला आवाज सभागृहाच्या मुख्य स्पीकरमधून नको, तो आकाशवाणी होतो. सेटवर टेबलाखाली छोटा स्पीकर ठेवा. ब्लूटूथ टाळा, आवाज किंचित उशिरा येतो आणि बोट दाबल्यावरची ती फट पकडली जाते. वायर ओढा, वर सतरंजी टाका, कडा चिकटपट्टीने बसवा.

फोनची थरथर सगळ्यात महत्त्वाची. फोन स्टीलच्या ताटात ठेवा, वेफर्सच्या शेजारी. स्टीलवर थरथरणारा फोन गुरगुरतो आणि हळूहळू सरकतो. पुढच्या चार रांगांना खरा ऐकू जाईल, मागच्यांसाठी तोच आवाज रेकॉर्ड करून टेबलाखालच्या स्पीकरवर. सगळे ताटाकडे बघतात, कुणी उचलत नाही, ताट वाजत राहतं. तीन वेळा. चौथ्यांदा नको.

पडद्यामागे

नोटेचा मजकूर काय आहे? त्यात 'बेटा मला तुझी काळजी वाटते' असलं काही असेल तर सगळं फुकट.

तिसरी_घंटा

आत्ता लिहिलं:

"सई, आई बोलतेय. पाऊस वाढलाय बघ. छत्री आहे ना? ती निळी नको, तिची काडी मोडलीय. वरणभात झाकून ठेवलाय, आल्यावर गरम करून घे. नाही, मीच करीन, तू ये. आणि केक खाल्लास तरी भात खा थोडा. श्रद्धाच्या आईला माझा नमस्कार सांग. बरं. ठेवते."

कान_देऊन

"आई बोलतेय" आणि "ठेवते" काढू नका कुणी सांगितलं तरी. व्हॉइस नोटमध्ये 'ठेवते' म्हणणारी बाई लेखकाला सुचत नाही, ती ऐकलेली असते.

हशा कुठे येतो बघा: "श्रद्धाच्या आईला नमस्कार सांग." ती लोणावळ्याला आहे. पार्टीत त्या वाक्याला स्फोट होणार आणि सईला पण हसू येणार. तिने हसलंच पाहिजे. नंतरचं सगळं त्या हसण्यावर उभं राहील.

रेकॉर्ड करताना नटीने फोन कानाला लावू नये. आडवा, तोंडासमोर, पापडाचा तुकडा मोडावा तसा धरतात. पहिला प्रयत्न डावीकडे सरकवून रद्द, दुसरा रद्द, तिसरा जातो. पहिल्या प्रयत्नात ती जरा रागावलेली असू दे. दुसऱ्यात शब्द कमी. पाठवलेल्या नोटमध्ये राग उरलेला नाही, हे फक्त प्रेक्षकाला माहीत.

नेपथ्य_वगैरे

सहा नटांत पार्टी: पार्टी दाखवूच नका, दार दाखवा. दार रंगमंचाच्या मधोमध घेऊ नका, तिरकं उजवीकडे घ्या, म्हणजे आत आणि बाहेर दोन्ही दिसतं. दाराबाहेर चपला. सतरा-अठरा जोड. सहा माणसं वावरताना दिसतात, पण चपला सांगतात की आतल्या खोलीत आणखी आहेत. आतून मंद निळा-जांभळा प्रकाश आणि दार उघडझाप होताना कमी-जास्त होणारं संगीत, बास.

लाल कप संहितेतून काढा, ते परदेशी मालिकांतून आलेत. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत एकदा वापरायचे कपही आहेत. घरातली पार्टी घरातल्या भांड्यांत होते, म्हणजे स्टीलचे पेले. स्टीलमधून आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे रंगमंचावर खोटी बीअर करण्याचा खटाटोपही वाचतो. साधं पाणी भरा. सोडा तर अजिबात नको, संवादात ढेकर येतो. शिवाय आई दारात आल्यावर हातातला पेला लपवायचीही गरज नाही. पेल्यात सरबत असेल किंवा नसेल, कुणी विचारत नाही आणि तेच जड होतं.

बाटली दाखवायचीच असेल तर लेबल काढून.

हिरवा_फळा

बीअर आणली कुणी, हे खर्ड्यात कुठेच नाही. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. १७ वर्षांचं पोरगं दुकानातून घेऊन आलं, असं सहज दाखवू नका. कुणीतरी मोठा हवा. आणि मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्या पात्राला आपोआप घाबरायचं कारण मिळतं.

तिसरी_घंटा

श्रद्धाचा भाऊ. वय २२, पुण्याला शिकतो, शनिवारी आलाय.

आई पार्टीत जावी की नाही यावर घोळ आहे. तीनशे प्रेक्षकांसमोर आई मुलीच्या पार्टीत घुसते म्हणजे शिट्ट्या.

गल्ली_नंबर_चार

घुसू नये. दारापर्यंत. उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम घालून घ्या.

येऊ दे मेट्रो ३ ने. गिरगाव ते मरोळ नाका थेट, अर्ध्या-पाऊण तासात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून ३३.५ किलोमीटर जमिनीखालून. आणि भुयारात फोनची रेंज जाऊ शकते. जी आई दिवसभर मुलीचा ठिपका बघते ती स्वतःच पाऊण तास गायब. त्याच वेळात सई अखेर फोन हातात घेते, परत लावते, तर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". आता सई घाबरते. एका बाकावर आई, दुसऱ्या कोपऱ्यात सई, दोघींच्या हातात फोन, दोघींना काही कळत नाही. यात संवादच नको.

पडद्यामागे

चांगलं आहे, पण वेळ सांभाळा. मेट्रो ३ ची शेवटची गाडी टोकाच्या स्टेशनवरून रात्री साडेदहाला सुटते. मरोळ आरेच्या टोकापासून जवळ आहे, म्हणजे दहा चाळीसच्या आत फलाटावर असायला हवं. आई दारात ९:५० ला पोचली तर बोलायला पाऊण तासही नाही. लोकलपेक्षा हा ताण बरा, कारण खरा आहे. शनिवारी रात्री रेल्वेचा ब्लॉक असला तर अंधेरीची लोकलही भरवशाची नाही, एवढं एका वाक्यात येऊ दे.

नेपथ्य_वगैरे

दारातल्या प्रसंगाचं प्रारूप देतो. पाऊस सातला सुरू झालाय, पाऊस आहे हे आधीच्या नोटेत येऊन गेलंच आहे.

आई: (चपलांकडे बघत) सातजणी म्हणालीस ना?
सई: आई! तू इथे कशी?
आई: मेट्रोने. (एक बूट पायाने सरळ करते.) हा कुणाचा? दहा नंबर असेल.
सई: श्रद्धाच्या दादाचा.
आई: तो पुण्याला असतो ना?
सई: आलाय.
आई: बरं. (वाकून सईची सँडल उचलते. अंगठ्याने तळ चाचपते.) साडेसातला क्लास सुटला. सातपासून धो धो पडतोय. ही कोरडी कशी गं?

यानंतर कुणी बोलायचं नाही. आतलं संगीत चालू.

निळी_खूण

अंगावर आलं. 'दादाचा' हे संध्याकाळपासूनचं सईचं एकमेव खरं वाक्य आहे आणि आईचा विश्वास फक्त त्याच्यावर बसत नाही.

हिरवा_फळा

"बरं" वर काम करा नटीबरोबर. त्यात उपरोध आला की आई परत खलनायिका. ती ते अगदी साधं म्हणते, 'भाजी संपली' वर म्हणावं तसं.

तिसरी_घंटा

मग शेवट? श्रद्धा बाहेर येऊन माफी मागते असं लिहिलं होतं.

कान_देऊन

नको. श्रद्धाने फोन आणून द्यावा, ताटासकट. फोन विसरला होता म्हणून. तिला कळलंय की काय झालं, पण १७ वर्षांची मुलगी मैत्रिणीच्या आईसमोर माफी मागत नाही. ती "काकू, या ना आत" म्हणते. आई "नको गं, पाय ओले आहेत" म्हणते. मैत्री राहिली की तुटली ते ताट कसं दिलं-घेतलं यावर सोडा.

शेवटी दोघी मेट्रोत. शेजारी बसलेल्या. सई कानाला फोन लावते आणि तीच नोट पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने ऐकते. आम्हाला ऐकू येते, आई शेजारी बसून स्वतःचा आवाज ऐकत नाही. "ठेवते" ला दिवे बंद.

व्यवहाराचं: नोट सुरू व्हायच्या आधी मेट्रोची खडखड पूर्ण थांबवू नका, अर्ध्यावर आणा. एकदम शांतता केली की 'आता रडा' अशी सूचना होते. आणि सईच्या चेहऱ्यावर खऱ्या फोनचा उजेड तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. खोट्या फोनच्या आतल्या बाजूला बॅटरीवरची छोटी एलईडी पट्टी चिकटवा, वर ट्रेसिंग पेपरचे दोन थर. पांढरी पट्टी घ्या, निळी घेतली तर भुताटकी.

गल्ली_नंबर_चार

वडील कुठे आहेत या सगळ्यात?

तिसरी_घंटा

घरी, बातम्या बघतायत. आई निघताना "जाऊन येते" म्हणते, ते "हं" म्हणतात. एवढंच काम. त्यासाठी नट ठेवला तर सहाचे सात होतात, म्हणून आतून फक्त आवाज.

पडद्यामागे

'हं' चा नट सगळ्यात जास्त मानधन मागेल बघा.

तिसरी_घंटा

आता २६ पानं झाली. शेवटचा प्रश्न, अठरा जोड चपला दर प्रयोगाला आणायच्या कुठून? पोत्यात भरून नेल्या तर ठेवायला किती वेळ लागेल?

नेपथ्य_वगैरे

पोतं नको. पायपुसणीसारखं गोणपाट घ्या, चार फूट बाय तीन, त्यावर बारा जोड तारेने टाचून टाका, विस्कटलेल्याच. गुंडाळी करून न्या, दारात उलगडा, दहा सेकंद. उरलेले सहा जोड सुटे, त्यात दादाचा दहा नंबरचा बूट आणि सईची सँडल. आई ज्यांना हात लावते ते टाचलेले नकोत, नाहीतर बुटाबरोबर सगळं गोणपाट उठेल.

टाचलेल्यांवर वरून स्प्रेने पाणी मारा, चमकलं पाहिजे. सईची सँडल मात्र विंगेत वेगळ्या पिशवीत ठेवा आणि अगदी शेवटी मांडा. एक थेंब पडला तर संवाद गेला.